बोगद्यातून बोलतोय

रविवारी सकाळी साडेनऊला ठाण्याहून भाऊजींचा फोन आला तेव्हा मी डोंबिवलीत, घरी, बनियनवर, पोह्यांवर लिंबू पिळत होतो.

"कुठवर आलास?"

"मुंब्रा गेलं. बोगदा येतोय भाऊजी, आवाज जाईल..." असं म्हणून मी आवाज घालवला.

यात मी काही पाप केलं असं मला तेव्हा वाटलं नाही, आताही वाटत नाही. ठाणे ते कल्याण या पट्ट्यात 'कुठवर आलास' हा प्रश्न भूगोलाचा नसतो. 'विसरला नाहीस ना' एवढाच त्याचा अर्थ असतो आणि उत्तर देताना एखाद-दुसरं स्टेशन पुढचं सांगायचं असतं. घरात असलेला 'निघालो' म्हणतो, निघालेला 'स्टेशनवर आलो' म्हणतो, स्टेशनवरचा 'गाडीत बसलो' म्हणतो. गाडीत बसलो, ही तर दुहेरी थाप, कारण सकाळच्या गाडीत बसायला मिळत नाही. ऐकणाराही तेवढं वजा करूनच ऐकतो. पण त्या दिवशी भाऊजींनी मला कशासाठी बोलावलंय हे आधी कळतं, तर मी दिव्याच्या पुढे आलोच नसतो.

भाऊजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान. राहायला नौपाड्यात. उभी हयात वागळे इस्टेटमध्ये प्रेशर गेज, मीटर आणि काटे दुरुस्त करण्यात गेली. निवृत्त झाल्यावर लोक तलावपाळीला फेऱ्या मारतात, कोपिनेश्वराला जातात, नाहीतर सोसायटीच्या कमिटीत शिरून पाण्याच्या टाकीवरून भांडतात. भाऊजी जुनी यंत्रं जमवू लागले. तीही सरसकट नाही. रेडिओ, ग्रामोफोन, कॅमेरा यांना ते हात लावत नाहीत, "ती सगळी करमणूक." त्यांचा नियम एकच: यंत्राने माणसाला त्याच्याच तोंडावर काहीतरी सुनावलेलं असलं पाहिजे.

त्यामुळे त्यांच्याकडे पाऱ्याची ब्लडप्रेशरची यंत्रं सात आहेत. खाली पाडायचा पत्र्याचा झेंडा असलेला रिक्षाचा जुना मीटर आहे. डोंबिवलीत चालू मीटर बघायला मिळत नाही म्हणून मी ठाण्याला येऊन तो बघतो. आणि हॉलमध्ये, फ्रिजच्या जागी, रेल्वेच्या फलाटावरचं वजनाचं यंत्र उभं आहे. नाणं टाकलं की चकत्या गरगरायच्या, दिवे लुकलुकायचे आणि जाड कागदाचं तिकीट खाली पडायचं, एका बाजूला वजन आणि दुसऱ्या बाजूला भविष्य, ते. फ्रिज गॅलरीत गेला. ताईने त्याबद्दल पहिली दोन वर्षं भांडण केलं, आता ती त्या यंत्रावर धुतलेले टॉवेल टाकते.

मी पोचलो तेव्हा अकरा वाजून गेले होते. भाऊजींनी दार उघडलं, घड्याळाकडे बघितलं आणि म्हणाले, "बराच लांब बोगदा निघाला." मग हाताला धरून आत नेलं. जेवणाच्या टेबलावर, बाजाच्या पेटीएवढी, राखी-हिरव्या रंगाची पत्र्याची पेटी होती. पुढच्या बाजूला तीन ओळींत गोल बटणं. वरच्या बाजूला कागदाची वाट, आणि त्या कागदावर टेकलेली तीन बारीक, लांब, पोकळ पेनं. झुरळाच्या मिशांसारखी.

"ओळख," भाऊजी म्हणाले.

"शिवणयंत्र?"

"लाय डिटेक्टर!" त्यांनी ते अशा आवाजात सांगितलं, की ताई आतून बघायला आली. मग, "हात्तिच्या, तेच का," म्हणून परत गेली.

वस्तू उल्हासनगरची. फाळणीनंतर कल्याण कॅम्पात येऊन पडलेल्या लोकांनी शून्यातून उभं केलेलं हे शहर. तिथे काय बनत नाही असं नाही, आणि जे तिथे बनत नाही ते तिथे विकायला तरी असतंच. भंगारवाल्याने भाऊजींना बाजूला घेऊन हळूच सांगितलं होतं, "साहेब, सीआयडीचा माल आहे. अमेरिकन." पुरावा म्हणून मागची पितळी पट्टी दाखवली. अक्षरं झिजून गेली होती. 'मेड इन' कसंबसं वाचता येत होतं आणि पुढे सगळं सपाट होऊन शेवटचा एक इंग्रजी 'ए' तेवढा शिल्लक होता.

"यूएसए मधला ए," भाऊजी म्हणाले.

उल्हासनगरच्या मालावरच्या यूएसएचा अर्थ 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन' असा लावतात, हा विनोद कल्याणच्या पुढे जन्मलेल्या प्रत्येकाला पाळण्यातच सांगतात. पण ठाण्याच्या माणसाला डोंबिवलीकराने उल्हासनगरबद्दल शहाणपण शिकवायचं नसतं. मी गप्प बसलो.

"कितीला पडलं?"

भाऊजींनी स्वयंपाकघराकडे बघत, जरा मोठ्याने सांगितलं, "अठराशे!"

मग त्यांनी मला बसवून इतिहास सांगितला. ही त्यांची सवयच. वस्तू दाखवायच्या आधी तिचं गोत्र सांगतात. १९२१ साली कॅलिफोर्नियातल्या बर्कलीच्या पोलिस दलात जॉन लार्सन नावाचा पोलिस होता. पोलिस, पण शरीरक्रियाशास्त्रात डॉक्टरेट केलेला. त्याचे वरिष्ठ ऑगस्ट व्होल्मर यांना कोठडीतली मारहाण बंद करून शास्त्राने गुन्हा कबूल करून घ्यायचा होता. लार्सनने रक्तदाब आणि श्वास एकाच वेळी कागदावर उतरवणारं यंत्र जुळवलं आणि मुलींच्या एका वसतिगृहातल्या चोऱ्यांच्या तपासात वापरलं. तपास झाला, आणि तिथल्याच ज्या एका मुलीला यंत्राला जोडून त्याने प्रश्न विचारले होते, तिच्याशी पुढे लग्नही केलं. त्या दिवशी यंत्राने नक्की कोणाची छाती धडधडताना टिपली हा प्रश्न शास्त्राने अनुत्तरितच ठेवला आहे. ते यंत्र आज अमेरिकेच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे.

"आणि हे नौपाड्यात," भाऊजी म्हणाले.

दुसरा महापुरुष लिओनार्ड कीलर. त्याने यंत्र पेटीत बसेल असं सुटसुटीत केलं, १९३१ मध्ये पेटंट मिळवलं, बोटांना येणारा घाम मोजायची सोय जोडली, आणि १९४८ च्या 'कॉल नॉर्थसाइड ७७७' या चित्रपटात स्वतःच्याच भूमिकेत यंत्रासकट कामही केलं. तिसरा विल्यम मार्स्टन. हार्वर्डचा मानसशास्त्रज्ञ, रक्तदाबावरून खोटं ओळखायची त्याची पद्धत या दोघांच्याही आधीची. १९२३ साली अमेरिकेतल्या कोर्टाने ती पुरावा म्हणून घ्यायला नकार दिला. मार्स्टनने हार मानली नाही. १९४१ मध्ये त्याने 'वंडर वुमन' ही चित्रकथेतली नायिका निर्माण केली आणि तिच्या हातात एक दोरी दिली. त्या दोरीत अडकलेला माणूस खरंच बोलतो. कोर्टात जे जमलं नाही ते कॉमिकमध्ये जमवलं.

"म्हणजे पहिल्याने लग्न केलं, दुसरा सिनेमात गेला आणि तिसऱ्याने कॉमिक काढलं," मी म्हटलं. "आणि चोर?"

"चोर पुढे येतात," भाऊजी म्हणाले आणि स्क्रू ड्रायव्हर शोधायला गेले.

खोटं पकडण्यापेक्षा खोटं पकडणारं यंत्र टिकवणं अवघड असतं, हे मला पुढच्या अर्ध्या तासात समजलं. अमेरिकेतल्या संग्राहकांकडे कोरडी हवा असते. आपल्याकडे जूनमध्ये चामड्याच्या चपलेला दाढी उगवते. छातीला बांधायच्या नळीचं रबर ठाण्याच्या हवेत आधी चिकट होतं, मग कडक होतं, मग त्याचा चुरा पडतो. भाऊजींनी सायकलची ट्यूब कापून नवी नळी केली होती, तिला पंक्चरवाल्याकडची पांढरी पावडर लावली होती. आणि जुन्या रबराचा चुरा चहाच्या डबीत भरून वर चिठ्ठी चिकटवली होती: 'मूळ रबर'. संग्राहकाला काही टाकता येत नाही. त्यांच्या घरातल्या निम्म्या डब्यांवर अशा चिठ्ठ्या असल्यामुळे ताई एकदा 'मूळ ग्रीस' आमटीत घालता घालता थांबली होती.

पेनं हा दुसरा छळ. केसाएवढ्या पोकळ नळीतून शाई येते आणि आत वाळली की दगड होते. भाऊजींनी ती तीन दिवस कोमट पाण्यात भिजवली, मग सतारीची तार आत घालून, एक डोळा मिटून, इकडून तिकडे ओढली. माझ्यासमोर त्यांनी शेवटच्या पेनातून फुंकर मारली. काही झालं नाही. पुन्हा मारली. एक निळा थेंब नळीच्या टोकाला येऊन थांबला आणि तिथेच थरथरत राहिला. त्या थेंबाकडे भाऊजी ज्या नजरेने बघत होते, त्या नजरेने त्यांनी माझ्या भाचीच्या बारशाला तिच्याकडे बघितल्याचं मला आठवत नाही.

मूळ कागद मिळणं शक्यच नव्हतं. गोखले रोडवरच्या एका स्टेशनरीवाल्याच्या माळ्यावर फॅक्सचे शेवटचे दोन रोल सापडले, तेच कापून बसवले. गुळगुळीत कागदावर शाई वाळायला वेळ लागतो. हात लागला की माणसाच्या सगळ्या भावना पुसल्या जातात.

आणि वीज. अमेरिकेत ११० व्होल्ट, आपल्याकडे २३०. म्हणून त्यांनी व्होल्टेज निम्म्यावर आणणारा ट्रान्सफॉर्मर जोडला होता. शिवाय त्यांची वीज सेकंदाला ६० वेळा हेलकावते, आपली ५०. त्यामुळे कागद ओढणारी अमेरिकन मोटर इथे सहाला पाच या गतीने फिरते. कागद हळू सरकतो आणि नाडीचे ठोके दाटीने उमटतात. ७२ चे ८६ दिसतात. "म्हणजे अमेरिकन यंत्र भारतात आणलं, की प्रत्येक भारतीय आपोआप थोडा जास्त घाबरलेला दिसतो," भाऊजी म्हणाले. "व्हिसाच्या रांगेतही तसंच असेल," मी म्हटलं. त्यांनी तेवढा हिशेब वजा करायचा तक्ताच करून ठेवला होता.

सगळं सज्ज झालं होतं. फक्त माणूस कमी होता. म्हणून मला बोलावलं होतं.

भाऊजी नियमाचे पक्के. त्यांनी माझ्यापुढे टाइप केलेलं संमतिपत्र ठेवलं. पॉलीग्राफ चाचणी माणसाच्या संमतीशिवाय करायची नाही आणि ती संमती दंडाधिकाऱ्यासमोर नोंदवायची, अशी मार्गदर्शक तत्त्वं राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २००० साली घालून दिली. पुढे ५ मे २०१० ला सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्यात निकालच दिला, की नार्को, पॉलीग्राफ आणि मेंदूचा आलेख काढणारी चाचणी यांतली कुठलीही बळजबरीने करता येणार नाही. स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला कोणाला भाग पाडता येत नाही, असं संविधानाचं कलम २०(३) सांगतं. कलिन्याच्या सरकारी न्यायसहायक प्रयोगशाळेला जे नियम, ते नौपाड्यालाही.

दंडाधिकारी म्हणून ताईला बोलावलं. ती लसूण सोलत आली.

"तुझ्यावर कोणी जबरदस्ती केली आहे का?"

"जेवायला मिळणार आहे का?"

"भरलं वांगं आहे."

"मग जबरदस्ती नाही."

सायकलची ट्यूब छातीला, सात ब्लडप्रेशर यंत्रांपैकी एकाचा पट्टा दंडाला, तांब्याच्या दोन पट्ट्या दोन बोटांना. तो एप्रिल होता. घाम आला की कातडीतून वीज सहज वाहते आणि पेन वर जातं, हे तत्त्व मला समजावलं जात असताना माझ्या कोपरावरून घाम टेबलावर ठिबकत होता. हे तत्त्व शिकागोत ठीक आहे. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत ज्याला घाम येत नाही तोच खरा संशयित.

यंत्र सुरू झालं. कागद सरकू लागला. तीन निळ्या रेषा.

"आज रविवार आहे?" "हो." "तुम्ही डोंबिवलीत राहता?" चाचणी सुरू झाल्यावर ते मला अहो-जाहो करू लागले. "हो." "लहानपणी कधी चोरी केली होती?" "नाही." आतून ताई हसल्याचं ऐकू आलं. "आज सकाळी साडेनऊला माझा फोन आला तेव्हा तुम्ही कुठे होता?"

मी सरळ समोर बघत म्हटलं, "बोगद्यात."

पेनं हलली नाहीत. तिन्ही रेषा मासुंदा तलावासारख्या शांत. यंत्राच्या मते मी बोगद्यात होतो.

भाऊजी काही वेळ कागदाकडे बघत राहिले. मग अहो-जाहो संपलं. "अरे, पारसिकचा बोगदा १९१६ सालचा, सव्वा किलोमीटरपेक्षा लांब. पण २०२२ मध्ये पाचवी-सहावी मार्गिका सुरू झाली, तेव्हापासून फास्ट लोकल त्यात शिरतच नाही. आता मेल-एक्स्प्रेस जातात तिथून. तू काय डोंबिवलीला डेक्कन क्वीन थांबवलीस?"

मी खजील झालो. खोटं बोलल्याबद्दल नव्हे, जुनं खोटं बोलल्याबद्दल. लोकलने मार्ग बदलला, माझी थाप अजून जुन्याच रुळांवरून जात होती. पण प्रश्न उरलाच. वेळापत्रकाने जे एका मिनिटात पकडलं, ते शंभर वर्षांच्या शास्त्राला कसं कळलं नाही?

"यंत्र खोटं पकडतच नाही," भाऊजी म्हणाले. "ते छातीची धडधड मोजतं, श्वास मोजतं, घाम मोजतं. पकडले जाऊ ही भीती असेल तर हे सगळं वाढतं, म्हणून त्यावरून अंदाज बांधायचा, की हा खोटं बोलतोय. तुम्हा डोंबिवलीकरांची ती भीतीच मेली आहे. साडेआठच्या गाडीत चढायच्या वेळी जे काही वाढायचं ते वाढतं, मग दिवसभर काही वाढत नाही."

कीलरला हे पक्कं माहीत होतं. भीती नसेल तर यंत्र म्हणजे नुसता खोका. म्हणून चाचणीच्या आधी संशयिताला पत्त्यांतला एक पत्ता निवडायला सांगायची युक्ती रूढ झाली. प्रत्येक पत्त्याला तो 'नाही, हा नाही' म्हणणार, आणि यंत्र बघून परीक्षक त्याचा पत्ता बरोबर सांगणार. काही वेळा पत्ते खुणेचे असत. खोटं पकडायची सुरुवात परीक्षकाने खोटं बोलून करायची. पण माणूस हादरायचा आणि मग पुढचं काम सोपं व्हायचं.

"बिरबलाने दुसरं काय केलं?" ताई दारातून म्हणाली. सगळ्या नोकरांना सारख्या लांबीच्या काठ्या दिल्या आणि सांगितलं, चोराची काठी रात्रीत दोन बोटं वाढेल. सकाळी एकाची काठी दोन बोटं कमी भरली.

ताईचं म्हणणं मनात ठेवून मी मागे मागे गेलो, तर आपल्याकडे या यंत्राचे पूर्वज फार निघाले. याज्ञवल्क्यस्मृतीत पाच दिव्यं आहेत: तुला, अग्नी, जल, विष आणि कोश. तुलेत आरोपीला काट्यावर दोनदा जोखायचं. दुसऱ्या वेळी हलका भरला तर निर्दोष, जड भरला तर दोषी. या न्यायाने दिवाळीनंतर डोंबिवलीचा आख्खा फडके रोड तुरुंगात जाईल. चोरीच्या संशयितांना मंतरलेले तांदूळ चघळायला देत. भ्यालेल्या माणसाचं तोंड कोरडं पडतं, हे शास्त्र त्यात होतं, फक्त त्याला तारा जोडलेल्या नव्हत्या. मराठेशाहीत रवा काढायचे. उकळत्या तेलातून धातूचा तुकडा हाताने काढायचा, मग हातावर पिशवी बांधून मोहोर करायची आणि काही दिवसांनी उघडून बघायचं. फोड नाही तर खरा. त्याहून स्वस्त म्हणजे बेलभंडार. खंडोबापुढे बेल आणि भंडारा उचलून बोल, एवढं म्हटलं, की वतनाच्या भांडणात पिढ्यान्‌पिढ्या हटून बसलेली माणसं बेलाकडे हात नेता नेता थबकत. कढई तापवावीही लागत नसे. बहुतेक लोक कढई बघूनच बोलते होत असणार.

हे सगळं मी वांग्याबरोबर भाऊजींना सांगितलं. ते म्हणाले, "कढई मिळाली तर बघ कुठे. जुनी, मोहोरबंद पिशवीसकट."

जेवणं झाली आणि खालच्या मजल्यावरच्या मॅडम विरजण मागायला आल्या. फार्मसी कॉलेजात तीस वर्षं शिकवून निवृत्त झालेल्या. त्या वाटी घेऊन टेबलापाशी थबकल्या. त्यांच्या चेहऱ्यावर जुना विद्यार्थी भेटल्याचा भाव आला.

"अय्या! हा तर आमचा फिजिओग्राफ!"

भाऊजींचा हात पानदानातच राहिला.

"तीन चॅनेलचा. प्रॅक्टिकलला वापरायचो आम्ही. बेडकाचं हृदय दोऱ्याने इथे टांगायचं," त्यांनी एका खाचेत बोट घातलं, "आणि ॲड्रिनॅलिनचा थेंब टाकला, की पेन असं उसळायचं! आता ते सगळे प्रयोग कम्प्युटरवर दाखवतात. बेडूक सुटले आणि यंत्रं भंगारात गेली." मग पाठीमागची पितळी पट्टी बघून म्हणाल्या, "अंबाल्याचा असणार. सगळे अंबाल्याहूनच यायचे."

अंबाला. मेड इन इंडिया. दोन्हींच्या शेवटी 'ए'. भंगारवाल्याने पट्टीवरची तेवढीच अक्षरं शिल्लक ठेवली होती, जी खोटी नव्हती.

मी भाऊजींची समजूत काढायचा प्रयत्न केला. म्हटलं, यात फसवणूक अशी नाहीच. पॉलीग्राफ म्हणजे तरी काय, नाडी, श्वास आणि घाम कागदावर उतरवणारं यंत्र. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जेम्स मॅकेंझी या ब्रिटिश डॉक्टरने पॉलीग्राफ याच नावाचं यंत्र वापरलं ते हृदयरोग्यांसाठी. तेच यंत्र दवाखान्यात ठेवलं तर आजार सांगतं, कॉलेजात ठेवलं तर बेडूक, आणि चौकीत ठेवलं तर खोटं. शिवाय भीती वाटली की माणसाच्या रक्तातही ॲड्रिनॅलिनच येतं. बेडकाला बाहेरून घालावं लागतं, एवढाच फरक.

भाऊजी इतका वेळ ऐकतच नव्हते. "म्हणजे हे २३० व्होल्टचं आहे!" ते एकदम ओरडले. "मी अर्ध्या विजेवर चालवत होतो! म्हणून पेनं हलली नाहीत!"

माझी भीती मेली होती, डोंबिवलीकर असा, साडेआठची गाडी तसा, हा सगळा सिद्धान्त ट्रान्सफॉर्मरसकट बाजूला काढला गेला. मला पुन्हा बांधलं. आता पेटीतून गुरगुर येऊ लागली.

"आज रविवार आहे?"

"हो."

तिन्ही पेनं उसळली. "तुमचं नाव हेच का?" पुन्हा उसळली. मी काही बोललो नाही तरी उसळत होती. शिंकलो तेव्हा मधल्या पेनाने कागद सोडून टेबलक्लॉथवर रेघ ओढली. कागदावर मलंगगडापासून माथेरानपर्यंतची आख्खी डोंगररांग उमटली. ११० व्होल्टवर मी हरिश्चंद्र होतो. २३० वर मला स्वतःचं नावही खरं सांगता येत नव्हतं. माणूस तोच, खोटंही तेच.

"आता मी बसतो," भाऊजी म्हणाले. "तुझ्यात काहीतरी बिघाड आहे." त्यांनी पट्टा स्वतःच्या दंडाला बांधला, ट्यूब छातीला, पट्ट्या बोटांना. मी बटणांशी खटपट करू लागलो. तेवढ्यात मॅडमना विरजण देऊन ताई आली. हातात ओल्या खोबऱ्याची वाटी होती. माझ्या खुर्चीकडे बघून तिने 'ऊठ' अशी मान हलवली. मी उठलो.

ताई समोर बसली. यंत्राकडे तिने बघितलंही नाही.

"अहो, कितीला घेतलंत हे?"

शांतता. वजनाच्या यंत्रावरचा टॉवेल पंख्याने हलत होता.

"अठरा..." भाऊजी म्हणाले. मग त्यांनी पेनांकडे बघितलं. मग ताईकडे बघितलं. गळ्यातली गाठ वर जाऊन खाली आली. "अठराशे आगाऊ दिले होते."

"आणि?"

"एकूण साडेअकरा हजार."

"म्हणजे इन्व्हर्टरच्या बॅटरीला म्हणून नेलेले नऊ हजार सातशे."

"बॅटरी अजून चालते, म्हणून म्हटलं..."

"परवा लाइट गेली तेव्हा चार मिनिटांत बंद पडली."

"हो."

"वजनाचं यंत्र?"

आणि भाऊजींनी वजनाचं यंत्र सांगितलं. न विचारता रिक्षाचा मीटरही सांगितला. सात ब्लडप्रेशर यंत्रांपैकी चार फुकट मिळाली नव्हती, हेही सांगितलं. २००९ साली टीव्हीवर 'सच का सामना' हा लाय डिटेक्टरचा कार्यक्रम लागायचा तेव्हा दोघं मिळून बघायचे. ताईला त्याचीच आठवण झाली असावी. "त्यात खरं बोललं की पैसे मिळायचे," ती उठत म्हणाली. "आपल्याकडे खरं बोलेपर्यंत पैसे संपलेले असतात."

मी कागदाकडे बघितलं. तीन सरळ रेषा नव्हत्या, डोंगरही नव्हते. कागद सरकलाच नव्हता. पेटीतली गुरगुर कधीच थांबली होती.

"अगं, हे तर बंद आहे," मी म्हटलं.

"माहीत आहे," ताई स्वयंपाकघरातून म्हणाली. "प्लग मीच काढला. चटणी वाटायची होती." आणि मिक्सर सुरू झाला.

भाऊजींनी पट्टा सोडला, ट्यूब सोडली, पट्ट्या एकेक करून पुसून डबीत ठेवल्या. मला वाटलं, आता हे यंत्र उल्हासनगरला परत जाणार. पण त्यांनी कपाटातून पुठ्ठ्याचं कार्ड काढलं, प्रत्येक वस्तूपुढे असतं तसं, आणि नेहमीच्या सुबक अक्षरात लिहायला बसले. मी निघालो तेव्हा त्यांचं लिहून झालं होतं. चपला घालता घालता मी वाचलं:

'लाय डिटेक्टर. मूळ फिजिओग्राफ, अंबाला. रबर, कागद बदललेले. स्थिती: उत्तम, घरी तपासून पाहिले. वीज लागत नाही.'